विकत घ्यायच्या आधी चांगलं रेकॉर्डिंग ऐकून कसं पारखायचं? दोनदा पैसे गेले

राजारामपुरी_८वी_गल्ली

मंडळी एक प्रश्न आहे, जरा लांबड लागेल पण वाचा.

गेल्या दिवाळीच्या बोनसमधनं एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकरची जोडी घेतली, लॅपटॉपला छोटा डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करून अ‍ॅम्पला देणारी डबी) लावलाय आणि मामांचा टर्नटेबल आहे, एवढाच सेटअप. घरात आजोबांपासनं गाणं ऐकायची सवय, त्यामुळं ऐकायचं म्हणजे ख्याल, त्यातही जयपूर घराणं, थोडं सतार-सरोद, जुनी भावगीतं, आणि गोकुळ शिरगावला कंपनीत एक मित्र आहे त्याच्यामुळं अलीकडं पियानो-बास-ड्रम असल्या तिघांच्या जॅझचा नाद लागलाय. महिन्याला दीड हजार रुपये गाण्यासाठी बाजूला काढतो, त्याच्यावर नाही जाता येत, पोराची फी आहे.

तर झालं असं की एका साइटवरनं ख्यालाचा एक अल्बम २४ बिट ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाची फाइल म्हणून विकत घेतला. तिथं तीस सेकंदाचा तुकडा ऐकायला ठेवलेला, तो मोबाईलवर ऐकला, बरा वाटला, पैसे भरले. घरी स्पीकरवर लावला तर बाईंचा आवाज डब्यातनं आल्यासारखा, तंबोरा कुठं आहे ते शोधावं लागतंय आणि तबला सुरू झाला की बाकी सगळं मागं सरकतंय. गायकी अशी की डोळ्यात पाणी यावं, आणि रेकॉर्डिंग असलं. लई वाईट वाटलं.

दुसरं, भावगीतांची एक एलपी नवीन प्रेस करून आलीय म्हणून मागवली, जाड १८० ग्रॅमची, कव्हर देखणं. लावली तर प्रत्येक "स" आणि "श" ला फसफस. त्या कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की सुई बदलून बघा. सुई नवीनच आहे.

माझं म्हणणं एवढंच की कापड घेताना आपण हातात धरून बघतो, आंबा घेताना वास घेतो, मग गाणं घेताना का नाही? तीस सेकंदात काय कळतं? तुम्ही लोक घ्यायच्या आधी काय करता, कुठं ऐकता, कशावर ऐकता, आणि नेमकं काय ऐकता ते सांगा. आणि मुळात चांगलं रेकॉर्ड केलेलं संगीत शोधायचं कुठं ते पण.

वायर_लावून_ऐक

भावा पहिली गोष्ट, तीस सेकंदावर काहीच घेऊ नकोस. मी स्ट्रीमिंगची वर्गणी गाणं ऐकायला म्हणून भरतच नाही, पारखायला म्हणून भरतो. पूर्ण अल्बम ऐकायचा, दोन-तीनदा ऐकायचा, आठवडाभर ठेवायचा आणि मग वाटलं तर विकत घ्यायचा. महिन्याची वर्गणी एका सीडीपेक्षा कमी पडते.

त्यातल्या त्यात अ‍ॅपल म्युझिकवर जून २०२१ पासनं लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गाळलेली फाइल, त्याच वर्गणीत मिळतंय, वेगळे पैसे नाहीत, आणि अँड्रॉइड फोनवर पण चालतंय. पण हे लक्षात ठेव की लॉसलेस आपोआप चालू नसतं, सेटिंगमधे जाऊन चालू करावं लागतं, माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी केलेलंच नाही आणि म्हणतात फरक काय कळत नाही. आणि ब्लूटूथवर ऐकलंस तर बहुतेक वेळा लॉसलेस तुझ्यापर्यंत पोचतच नाही, मधे परत दाबलं जातं. वायर लाव. फोनमधनं डॅकला, डॅकमधनं अ‍ॅम्पला. ज्या स्पीकरवर पुढं दहा वर्षं ऐकायचंय त्याच स्पीकरवर सॅम्पल ऐकायचं, मोबाईलच्या स्पीकरवर सगळंच बरं लागतं कारण त्यात खालचं आणि वरचं काही येतच नाही.

यूट्यूब शोधायला बेस्ट आहे, पारखायला नाही. व्हिडिओच्या नावात लोक हाय रेझ लिहितात, फोर के लिहितात, पण आवाज शेवटी १२८ नाहीतर १६० केबीपीएसच्या आसपासच असतो. पण इंग्लंडमधल्या दरबार फेस्टिवलचं चॅनल बघ, २००६ पासनं तो महोत्सव चाललाय, त्यांचं रेकॉर्डिंग एवढं स्वच्छ आहे की यूट्यूबवर सुद्धा तंबोरा कानाजवळ ठेवल्यासारखा वाटतो. तिथं कलाकार सापडतात, मग त्यांचे अल्बम दुसरीकडं शोधायचे.

आणखी एक, अ‍ॅपमधे आवाज समान करायची सोय असते ती बंद ठेव, म्हणजे खरं रेकॉर्डिंग ऐकू येईल.

एकच अल्बम तीन-तीन वेळा टाकलेला असतो, एक जुना, एक रीमास्टर, एक कुठल्यातरी संग्रहात. खाली कंपनी आणि साल बघून तुला जी आवृत्ती विकत मिळणार आहे तीच ऐक. एलपी घेणार असशील तर स्ट्रीमिंगवरचं रेकॉर्डिंग आणि तबकडी एकसारखे असतीलच असं नाही, दोन्हीचं मास्टरिंग, म्हणजे विकायला काढण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात, वेगळं असू शकतं.

महाद्वार_कॅसेट

तुमचा कापड-आंब्याचा दाखला वाचून बरं वाटलं. माझं महाद्वार रोडजवळ कॅसेटचं छोटं दुकान होतं, आता बंद करून बरीच वर्षं झाली. आमच्याकडं काउंटरवर दोन डेक होते आणि गिऱ्हाइकानं मागितली ती कॅसेट मी फोडून लावायचो. मुंबईला काळा घोड्याला रिदम हाऊस होतं, तिथं ऐकायला बंद केबिन होत्या, मी माल आणायला गेलो की तासभर तिथं उभा राहायचो. २०१६ ला ते पण बंद झालं. तुम्ही जे विचारताय ते त्या काळी विचारावंच लागत नव्हतं, दुकानदाराच्या तोंडावर ऐकून बघायचं आणि नको म्हणून परत द्यायची.

ऐकायची पद्धत मात्र तीच राहिलीय, ती सांगतो.

पहिलं गाणं लावू नका. कंपनी सगळ्यात चांगलं पहिलं ठेवते. मी कॅसेटची दुसरी बाजू लावायचो, मधेच. एलपी असेल तर बाजूचं शेवटचं गाणं. कारण असं बघा, तबकडीचा फिरायचा स्पीड एकच, पण मध्याकडं जाईल तसा एक फेरा लहान होत जातो, म्हणजे तेवढ्याच सेकंदाचा आवाज कमी जागेत कोंबायचा, मग सगळ्यात आधी फाटतो तो "स" आणि "श". तुमची एलपी बाहेरच्या कडेला पण फसफस करत असेल तर ते तबकडीची खाच कापतानाच चुकलंय किंवा मूळ मास्टरिंगच कडक झालंय. फक्त आतल्या गाण्यांना करत असेल तर टर्नटेबलच्या सुईची बसण्याची दिशा एकदा कोणाकडनं तरी बसवून घ्या, कंपनीचं अर्धं म्हणणं खरं ठरू शकतं.

जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्याकडं लाजायचं नाही, लावून दाखव म्हणायचं. तो नाही म्हणाला तर तबकडी उजेडात तिरकी धरून बघा. वरवरच्या बारीक रेघा वाजत नाहीत, नखाला लागते ती रेघ वाजते. आणि खाचा राखाडी दिसत असतील तर ती जड सुईनं वाजवून वाजवून संपवलेली आहे, कितीही धुतली तरी परत येत नाही.

चांगलं रेकॉर्डिंग शोधायचं कुठं म्हणताय तर गाणाऱ्याच्या नावाइतकंच रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव बघायला शिका. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला वॉटर लिली अकूस्टिक्स नावाची छोटी कंपनी, कविचंद्रन अलेक्झांडर हा माणूस ती चालवायचा. चर्चच्या हॉलमधे दोन माइक जवळजवळ एकाच ठिकाणी लावून, व्हॉल्वच्या यंत्रावर, टेपवर रेकॉर्ड करायचा. विश्वमोहन भटांची मोहनवीणा आणि राय कूडरची गिटार यांचा १९९३ चा अल्बम त्याचाच, त्याला ग्रॅमी मिळालं. ते ऐका, मग तुम्हाला कळेल की वाद्याच्या भोवतीची हवा रेकॉर्ड होते म्हणजे काय होतं. वेल्समधली निंबस, त्यांनी नव्वदच्या आसपास आपल्या कितीतरी कलाकारांना तिकडं बोलावून सलग, कापाकापी न करता राग रेकॉर्ड केले. फ्रान्सच्या रेडिओची ओकोरा. लंडनची नवरस, त्यांच्या बऱ्याचशा मैफलीतल्या आहेत, टाळ्याबिळ्या सगळं असतं पण त्यात जीव असतो. यातलं बरंचसं आता स्ट्रीमिंगवर सापडतं. एका कंपनीचे दोन अल्बम आवडले की तिसरा निम्मा पारखलेलाच असतो.

फेडर_खाली

मी मैफिली आणि नाटकांचा साउंड करतो, थोडं रेकॉर्डिंगपण. वायरवाल्या मित्राचं सगळं पटलं, एक सोडून. आवाज समान करायची सोय बंद करू नका, पारखताना चालूच ठेवा.

कारण सांगतो. एकच गाणं दोनदा वाजवा, दुसऱ्या वेळी आवाज अगदी थोडा, एक डेसिबल वाढवा. ऐकणारा म्हणत नाही की दुसरं मोठं आहे, तो म्हणतो दुसरं चांगलं आहे, जास्त भरीव आहे. मी स्टुडिओत माणसांवर हे करून बघितलंय, गाणाऱ्यांवर पण. कंपन्यांना हे माहीत आहे म्हणून नव्वदीपासनं रेकॉर्डिंग दाबून दाबून मोठं करत गेले, म्हणजे हळू आवाज वर ओढायचे, मोठ्यांची टोकं कापायची. दुकानात, रेडिओवर ते पहिल्या तीस सेकंदात उठून दिसतं आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. समान करायची सोय दोन्ही आवृत्त्या एकाच पातळीवर आणते, फक्त आवाज कमीजास्त करते, आतलं काही बिघडवत नाही. स्पॉटिफायवर मात्र त्यात "लाउड" असा पर्याय आहे तो घेऊ नका, त्यात मोठ्या आवाजाची टोकं दाबणारा लिमिटर लागतो, "नॉर्मल" ठेवा. मग बघा, दाबलेलं रीमास्टर एकदम बसकं आणि निर्जीव लागतं आणि जुनी सीडी श्वास घ्यायला लागते.

आता मुख्य गोष्ट. सॅम्पल ऐकताना स्वतःला एकच विचारायचं, हा जो दोष ऐकू येतोय तो सॅम्पलचा आहे का रेकॉर्डिंगचा?

बँडकॅम्प घ्या. मला तर तेच सगळ्यात प्रामाणिक दुकान वाटतं, बहुतेक वेळा गाणं पूर्ण ऐकू देतात, आवडलं की फ्लॅक (लॉसलेस फाइलचाच एक प्रकार) डाउनलोड करायचं, पैशाचा मोठा भाग कलाकाराला जातो. पण ब्राउझरमधे जे ऐकू येतं ते १२८ चं एमपी३ आहे. त्यामुळं तिथं झांजा चुरचुरल्या, तंबोऱ्याची झिलई पाण्यातनं आल्यासारखी लागली, तर अल्बम लगेच नापास करू नका, तो दोष दाबलेल्या फाइलचा आहे आणि फ्लॅकमधे जाईल. पण आवाज डब्यातला आहे, तबला अंगावर येतोय, गायक गप्प झाला की भलताच मोठा घुमारा शेपटासारखा मागं राहतोय, समेवर आवाज फाटतोय, हे दोष रेकॉर्डिंगचे. ते २४ बिटात पण तसेच येणार, १९२ किलोहर्ट्झ केलं तर १९२ किलोहर्ट्झमधे तसेच येणार. या दोन दोषांत गल्लत झाली की चांगलं हातनं जातं आणि वाईट घरात येतं.

तुमच्या फाइलबद्दल. स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाइल त्यात टाका, चित्र दिसेल. ९६ ची फाइल असून २२ किलोहर्ट्झच्या वर सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ आणि वर काळोख असेल तर ती सीडीचीच फाइल फुगवून विकलीय. १६ च्या आसपास कापलेली असेल तर बहुतेक एमपी३ वरनं केलीय. पण खरं सांगू, फुगवलेली असली तरी ती डब्यातली का वाटते याचं उत्तर ते नाही. सीडीचं १६ बिट ४४.१ पण नीट वापरलं तर ख्यालाला भरपूर आहे. तंबोरा शोधावा लागतोय म्हणताय त्यावरनं मला वाटतं की जुन्या टेपची खरखर काढायला कोणीतरी नॉइज रिडक्शन अति लावलंय. यंत्राला टेपची सूं आणि तंबोऱ्याची वरची झिलई जवळजवळ सारखीच वाटते, ते दोन्ही पुसून टाकतं. त्यात श्वास जातो, खोली जाते, मग राहतो तो डबा.

डीआरचे (डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) आकडे म्हणून लोकांनी मोजून टाकलेली एक यादी इंटरनेटवर आहे, आकडा जेवढा मोठा तेवढं रेकॉर्डिंग मोकळं, १४ म्हणजे चांगलं, ७-८ च्या खाली म्हणजे दाबलेलं. जॅझ-पॉपला उपयोगी पडते, आपलं शास्त्रीय त्यात फार कमी आहे. आणि एलपीचा आकडा सीडीच्या आकड्याशी लावू नका, सुईवरनं मोजलं की तो उगाच वाढून येतो.

जवारी

मी गाणं शिकवतो, घरातच क्लास आहे, मुली येतात. आकडे मला कळत नाहीत पण तंबोऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहायला बसलो.

रेकॉर्डिंग पारखायला माझ्याकडं एकच कसोटी आहे, तंबोरा. आणि गंमत बघा, ज्या तीस सेकंदांना तुम्ही सगळे नावं ठेवताय त्यात ख्यालाची सुरुवातीची तीस सेकंदं असतील तर गाणं कळत नाही पण तंबोरा कळतो, तेवढ्यात तबला पण आलेला नसतो. चार तारा. पहिली पंचमाची, मग जोड म्हणजे षड्जाच्या दोन, मग खर्ज म्हणजे खालच्या षड्जाची. प्रत्येक तार छेडल्यावर वेगळी सुरू होते का ऐकू येते, का सगळ्या मिळून एकच गुणगुण? खर्ज वाजून गेल्यावर त्यातनं वर गंधार उमलतो, तो ऐकू येतो का? जवारी लागलेल्या, म्हणजे तार घोडीला बरोबर घासून झंकारणाऱ्या तंबोऱ्यात तो येतोच, बसलेल्या माणसाला ऐकू येतो. रेकॉर्डिंगमधे आला नाही म्हणजे एकतर माइक चुकला, नाहीतर वर फेडरवाले दादा म्हणतात तसं कोणीतरी पुसलाय. नाहीतर तो इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे, ते पण दोन आवर्तनांत कळतं, प्रत्येक छेड तंतोतंत सारखी पडते.

नंतर गायिका दोन ओळींच्या मधे थांबते ती जागा ऐका. तिथं श्वास आहे का, तंबोरा त्याच पातळीवर आहे का. बऱ्याच रेकॉर्डिंगमधे आवाज थांबला की तंबोरा एकदम वर येतो आणि आवाज लागला की दबतो, भात्यासारखा. ते आलं की मी बंद करतो, कितीही मोठं नाव असो. मग तबला, डग्ग्याची घीस (तळवा घासून काढलेला आवाज) ऐकू येते का नुसता धप्प, आणि चाटेवरचा ना खणखणीत असूनही कानाला टोचत नाही ना.

पण हे सगळं कळायला आधी खरा तंबोरा ऐकलेला पाहिजे हो. स्पीकर बदलत बसण्याआधी एकदा मिरजेला जा. कोल्हापुरातनं पन्नासेक किलोमीटर, रेल्वेनं सहज जाता येतं. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे-सतारी करतात, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. कारागीर जवारी काढत असतो, घोडीवर सुताचा दोरा थोडा इकडं थोडा तिकडं सरकवत असतो आणि बंद असलेला आवाज एकदम उघडतो, ते डोळ्यादेखत ऐका. आणि आपल्या कोल्हापुरात देवल क्लबमधे मैफल असली की पुढच्या रांगेत बसा. कानात एकदा खरं बसलं की सॅम्पल पारखायला दहा सेकंद पण पुष्कळ होतात. मी मुलींना पण रेकॉर्डिंग ऐकवायच्या आधी तंबोऱ्याजवळ बसवतो.

मंगळवार_पेठ_तालीम

जॅझचं कोणी बोललं नाही म्हणून. नॉर्वेत टूएल (2L) म्हणून कंपनी आहे, बहुतेक चर्चमधे रेकॉर्ड करतात. त्यांच्या साइटवर टेस्ट बेंच म्हणून काही ट्रॅक फुकट ठेवलेत, एकच रेकॉर्डिंग वेगवेगळ्या फॉरमॅटमधे. बरंचसं पाश्चात्य शास्त्रीय आहे पण त्यात तुला तुझ्या सेटवर १६ बिट आणि २४ बिट यात फरक खरंच कळतो का हे एक रुपया न घालवता बघता येईल. मला नाही कळला. तेव्हापासनं महागडी आवृत्ती घेणं बंद, त्याच पैशात दोन अल्बम येतात. आणि अख्खा अल्बम घेण्याआधी जिथं सुटा ट्रॅक मिळतो तिथं आधी एक ट्रॅक घे, सगळ्यात स्वस्त सॅम्पल तेच.

राजारामपुरी_८वी_गल्ली

जवारी ताई, तुमचं वाचून काल रात्री परत तो अल्बम लावला आणि ती श्वासाची जागा ऐकली. तंबोरा अगदी तुम्ही लिहिलंय तसा भात्यासारखा वरखाली होतोय. आधी नुसतं काहीतरी खटकत होतं, आता कळलं काय खटकत होतं.

स्पेकमधे पण टाकली. २२ ला सरळ रेघ, वर काळं. साइटला चित्र जोडून मेल केलाय, बघू.

एक शंका, माझ्या खोलीत फरशी आणि सिमेंटच्या भिंती आहेत, टाळी वाजवली की घुमते. मग रेकॉर्डिंगचा घुमारा आणि खोलीचा घुमारा यातला फरक कसा ओळखायचा?

फेडर_खाली

हेडफोनवर ऐका. हेडफोनमधे जो घुमारा येतो तो रेकॉर्डिंगचा, स्पीकरवर जास्तीचा येतो तो खोलीचा. पारखायला साधा वायरचा बरा हेडफोन आणि तुमचे स्पीकर दोन्ही वापरा. आणि स्पीकर आणि तुमच्या मधल्या फरशीवर घोंगडं अंथरा, जाड, आपल्याकडचं धनगरी. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तम. ऐकायचं रात्री अकरानंतर, रस्ता शांत झाल्यावर, पंखा बंद करून. तंबोरा पंख्याखाली नाही पारखता येत.

वायर_लावून_ऐक

आवाज समान करायचं फेडर दादांचं बरोबर आहे. काल चालू करून एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्या ऐकल्या. मी तीन वर्षं ज्या रीमास्टरला चांगलं म्हणत होतो ते फक्त मोठं होतं. जुनी आवृत्ती कितीतरी मोकळी आहे.

पंचगंगा_घाट

सगळं वाचलं, सगळं उपयोगी आहे, पण एक गोष्ट मनापासनं सांगायची आहे.

ह्या आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी आणलं, जयपूर घराण्याचं गाणं इथं वाढलं, आणि खाँसाहेबांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. ते गाणं आपल्यापर्यंत आलं ते केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर अशा शिष्यपरंपरेतनं. केसरबाईंच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, खरखर आहे, तंबोरा कुठं आहे ते देवाला माहीत. १९७७ ला व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तीत भारतातनं त्यांचीच भैरवी गेली. वर दिलेल्या कसोट्या लावल्या तर ती तबकडी नापास होते. म्हणून राजारामपुरीकर, चांगल्या रेकॉर्डिंगच्या नादात हे गाणं तुमच्या घरातनं बाहेर राहू नये, माझी कळकळ एवढीच.

पण जुन्या तबकड्यांना पण पारख लागते, ती वेगळी. एकच तबकडी चार जणांनी चार प्रकारे उतरवलेली असते. इंटरनेट आर्काइव्हवर ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) हजारो तबकड्या उतरवून ठेवल्यात, तिथं फुकट ऐकता येतात. चारही उतरवलेल्या ऐका आणि त्यातली खरखर ठेवलेली निवडा, स्वच्छ केलेली नाही. खरखरीच्या मागनं आवाज ऐकायची कानाला दोन दिवसांत सवय होते, पण पुसलेला आवाज परत आणता येत नाही. आणि स्पीड बघा, जुन्या तबकड्या नेमक्या ७८ ला रेकॉर्ड झालेल्या असतातच असं नाही, मूळपेक्षा जास्त स्पीडनं उतरवली की स्वर वर चढतो आणि आवाज बारीक, घाईतला लागतो. पेटीवर षड्ज लावून बघा, दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी अडकला असेल तर संशय घ्या.

जवारी

घाटवाल्या दादांचं शंभर टक्के खरं. माझ्या गुरूंनी आम्हाला मोगूबाईंच्या तबकड्या अशाच खरखरीसकट ऐकवल्या, एकेक तान वीस-वीस वेळा. ह्या तबकड्यांना मी तंबोऱ्याची कसोटी लावत नाही. ती कसोटी आत्ता रेकॉर्ड होणाऱ्या, पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या गाण्याला आहे, ज्यांच्याकडं चांगले माइक होते, वेळ होता आणि तरी केलं नाही त्यांना.

महाद्वार_कॅसेट

आणि एलपीचं काय झालं ते कळवा. बाहेरच्या कडेला पण फसफस आहे का?

राजारामपुरी_८वी_गल्ली

कळवतो. मामांच्या ओळखीच्या एकानं येऊन सुईची दिशा बसवून दिली, थोडी वाकडी होतीच. आतल्या गाण्यांची फसफस जवळपास गेली. बाहेरच्या पहिल्या गाण्याला अजून आहे, म्हणजे दादा तुम्ही म्हणालात तसं दोन्हीकडं थोडं थोडं होतं. तेच गाणं स्ट्रीमिंगवर जुन्या आवृत्तीत ऐकलं, फसफस नाही. घ्यायच्या आधी हे केलं असतं तर कमीत कमी जुनी प्रत शोधली असती.

डाउनलोडवाल्या साइटनं पैसे परत दिले, मूळ फाइल कंपनीकडनं तशीच आली म्हणाले.

या महिन्यात तीन अल्बम पूर्ण ऐकले, घोंगडं अंथरून, पंखा बंद. मोहनवीणा-गिटारचा तो अल्बम लावला तेव्हा बायको स्वयंपाकघरातनं बाहेर येऊन बसली, कोण वाजवतंय म्हणाली. त्याची सीडी मागवलीय. निंबसचं एक बासरीचं ऐकलं, ते पुढच्या महिन्यात. तिसरा ख्यालाचा होता, बँडकॅम्पवर, नवीन गायिका. सॅम्पलमधे झांजेसारखी चुरचुर होती पण तार वेगळी वेगळी सुरू होत होती आणि श्वासाच्या जागी तंबोरा हलत नव्हता, म्हणून घेतला. फ्लॅक लावल्यावर चुरचुर गेली. खर्जातनं गंधार येतो का ते अजून मला नक्की सांगता येत नाही, कधी वाटतं येतोय, कधी वाटतं मीच मनानं लावतोय.

म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं मिरजेला जातोय, पोराला पण घेऊन. सतारमेकर गल्लीत कुठल्या वेळी गेलं की जवारी काढताना बघायला मिळेल, ताई? आणि नुसतं ऐकायला आलोय म्हणलं तर चालतं ना तिथं?

जवारी

चालतं. दहा-साडेदहाला पोचा. ऐकायला आलोय असंच सांगा, आणि पोराला तंबोऱ्याला कान लावून बसू द्या.